उरलेलं वाक्य

हेमराज वारकेंचा फोन भरल्या ताटावर, अर्ध्या वाक्यात बंद पडला. "भाजीत मीठ..." एवढं म्हणाला आणि गप्प झाला.

छायाचा घास हातातच राहिला. हेमराजरावांनी गळ्यावरची पट्टी बोटानं दाबून पाहिली, पुन्हा ओठ हलवले. फोन हूं की चूं करेना. तिनं भाजी चाखली. तिला तर ठीक लागली.

"कमी झालंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग जास्त?"

पुन्हा नकार. मग हेमराजरावांनी डाव्या हातानं ताट सारलं आणि काठी घेऊन ते उठले. मिठाबद्दल त्यांना काय सांगायचं होतं ते छायाला शेवटपर्यंत कळलं नाही.

अर्धांगाचा झटका आल्यापासून हेमराजरावांचं सगळं बोलणं त्या फोनमधून व्हायचं. मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा मागे, शब्द शोधून जिभेपर्यंत आणून देणारा एक भाग असतो. रक्ताची गाठ नेमकी तिथं बसली. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळं गेलं. समजायचं मात्र सगळं. पेपरातल्या बातमीपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत काही म्हणजे काही सुटत नसे. फक्त शब्द निघायचे नाहीत. निघाले तर एक-दोन, आणि तेही कधीकधी भलतेच. पाणी हवं असायचं आणि तोंडातून 'खिडकी' यायचं. आपण चुकलो हे त्यांनाच पहिल्यांदा कळे, आणि संताप संताप होई.

मग तो फोन आला. माणूस बोलायला गेला की आवाज फुटो न फुटो, गळ्याच्या आणि जिभेच्या स्नायूंना मेंदूकडून विजेचे बारीक इशारे जातात. गळ्यावर चिकटवलेली पट्टी ते टिपते आणि फोनला कळवते. हेमराजरावांचे इशारे तुटके असत, दहा शब्दांच्या वाक्यातले दोन किंवा तीन. उरलेलं वाक्य फोन भरायचा. आपण दिवसभरात जे बोलतो त्यातलं पुष्कळसं ठरीव असतं. 'चहा' म्हटलं की पुढं 'घे' येणार, 'कर' येणार, नाहीतर 'गार झाला' येणार. समोर कोण आहे, वेळ कुठली, काल काय बोलणं झालं होतं, हे सगळं जमेला धरून फोन त्यातल्या त्यात संभवनीय वाक्य निवडायचा आणि हेमराजरावांच्याच जुन्या आवाजात म्हणायचा. आवाज पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओतून उचललेला होता. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हायचं, त्यामुळे घरातल्यांना वाटायचं की माणूसच बोलतोय. आता तर कित्येक वर्षं तसंच वाटत होतं.

छायानं कंपनीला फोन लावला.

"आपली अडचण थोडक्यात सांगा," यंत्र म्हणालं.

"फोन बंद पडलाय."

"आपल्याला फोन बंद करायचा आहे. बरोबर?"

"नाही हो! बंद पडलाय. चालू करायचाय."

"आपल्याला नवीन जोडणी हवी आहे. बरोबर?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी एक जिवंत माणूस मिळाला. त्यानं गोड आवाजात सांगितलं, की आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालीय, या मॉडेलची सेवा महिनाअखेर बंदच व्हायची होती, तेव्हा दुरुस्तीत अर्थ नाही, नवा फोन घ्या.

"घेते. पण यानं इतक्या वर्षांत ह्यांचं बोलणं शिकून घेतलंय, ते तेवढं नव्यात घाला."

"ते शक्य नाही मॅडम. करारानुसार ते शिकलेलं कंपनीच्या मालकीचं आहे."

"अहो, बोलणं माझ्या नवऱ्याचं आहे!"

"बोलणं सरांचंच आहे. शिकणं आमचं आहे."

छायानं फोन ठेवला. हेमराजराव दारात उभे राहून ऐकत होते. ते काही म्हणणार होते, मग त्यांनी हात झटकला आणि ते आत गेले.

जळगावात, नव्या बसस्थानकासमोर, असल्या फोनचं एक मोठं दुकान होतं. पहिल्या दिवशी छाया एकटीच गेली आणि डोकं धरून परत आली. प्रत्येक फोनच्या तीन आवृत्त्या, प्रत्येक आवृत्तीच्या चार योजना. एका योजनेत घरातल्यांशी हवं तेवढं बोला, बाहेरच्यांशी मात्र दिवसाला ठरावीक वाक्यं. दुसरीत विनोद वेगळे विकत घ्यावे लागत. तिसरीत शिव्या आपोआप गाळल्या जात, आणि त्या गाळू नयेत असं वाटत असेल तर वरची योजना. करार मोडायचा नाही, मोडला तर उरलेल्या मुदतीत फोन मुका. भाजी घेताना जुडी उलटीपालटी करून बघणारी बाई ती. पण इथं उलटून बघायला काही नव्हतंच. सगळे फोन काळे, चपटे, सारखे.

दुसऱ्या दिवशी ती हेमराजरावांना घेऊन गेली. दुकानात प्राजक्ता नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, गळ्यावर नवी पट्टी लावली.

"काका, आपण एकाच पट्टीला तीन फोन जोडू या. तुम्ही एकदाच बोला. कुठला आवडतो ते काकू ठरवतील."

हेमराजरावांनी चहाच्या कपाकडे पाहिलं, मग छायाकडे. गळ्याची घाटी वरखाली झाली.

पहिला फोन म्हणाला, "चहा छान झालाय, पण मला आता नको. घरी गेल्यावर घेईन."

दुसरा म्हणाला, "छाया, किती दमलीस तू माझ्यापायी. आधी तू चहा घे, मग निवांत घरी जाऊ."

तिसरा म्हणाला, "चहा. नको. घर."

छायाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'दमलीस तू' हे शब्द या माणसाच्या तोंडून तिनं ऐकले नव्हते. केळीच्या हंगामात बारा-बारा मजुरांचा स्वयंपाक केला तेव्हाही नाही. तिनं हेमराजरावांकडे पाहिलं. ते दुसऱ्या फोनकडे असे बघत होते, जसं एखाद्या परक्या माणसाकडे बघावं.

"हा दुसरा आमचा सगळ्यात जास्त खपणारा आहे," प्राजक्ता म्हणाली. "'आपुलकी' योजना. पहिली 'प्रवाही'. तिसरी 'मूळ'; ती फारसं कोणी घेत नाही. त्यात भर घालायची सोयच नाही, जेवढं गळ्यातून आलं तेवढंच."

"पण ह्यातलं बरोबर कुठलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे ह्यांना खरं काय म्हणायचं होतं?"

मुलगी जरा गोंधळली. "काकू, तसं बरोबर-चूक काही नसतं. लाखो घरांतलं बोलणं ऐकून फोन तयार होतो. ऐकणाऱ्याला बरं वाटलं की फोन समजतो, आपलं वाक्य जमलं."

"आधीचा फोनपण असाच होता?"

"सगळेच तसे असतात. तुमचा 'प्रवाही'च्या जवळपासचा."

छायाला आता चहाचं नाही, दोन वर्षांपूर्वीच्या एका दिवाळीचं वाक्य आठवत होतं.

जळगावजवळ सावद्याला वारक्यांचं केळी पिकवायचं केंद्र होतं. बंद खोल्यांमध्ये कच्च्या केळीचे क्रेट रचायचे, गॅस सोडायचा, दारं लावून घ्यायची. केळी पिकते तेव्हा तीही श्वास घेते आणि खोलीतला प्राणवायू संपवते. म्हणून दार आतूनही उघडता यायला हवं. एका खोलीची आतली मूठ मोडलेली होती. जगन तायडे नावाचा मजूर त्या खोलीत अडकला आणि गुदमरून गेला. चौकशीत सगळे म्हणाले, आम्हाला माहीत नव्हतं. ओजस, वारक्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा नुकताच शिकून धंद्यात आला होता. तो म्हणाला, "पप्पांना माहीत होतं. मीच त्यांना दोनदा सांगितलं होतं."

हेमराजरावांना शिक्षा झाली, केंद्राला टाळं लागलं. त्यांनी मुलाला एकच वाक्य सांगितलं, "माझ्या मयतालासुद्धा येऊ नकोस." ओजस पुण्याला गेला. त्याच वर्षी झटका आला. तरी त्याला दवाखान्याच्या दारातूनच परत जावं लागलं, कारण त्याचं नाव ऐकताच हेमराजरावांचा श्वास वर लागायचा.

मग दोन वर्षांपूर्वीची ती दिवाळी. ओजसचा आईला फोन आला होता. छायानं धीर करून तो हेमराजरावांसमोर धरला. "ओजस आहे. काहीतरी बोला." त्यांनी कितीतरी वेळ नुसतं पाहिलं. मग घाटी हलली. ओठांवर 'ये' उमटला आणि त्यामागून 'न'. आणि गळ्याजवळचा तो फोन त्यांच्या जुन्या, भरदार आवाजात म्हणाला, "ओजस, ये ना घरी."

पलीकडे ओजस, एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. महिन्याभरात तो बायकोला घेऊन जळगावला आला, इथंच नोकरी धरली आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी बापलेक गॅलरीत बसून गप्पा मारायचे. क्रिकेट, निवडणूक, जुनी गावाकडची माणसं. जगनचा विषय कधी निघाला नाही. छाया स्वयंपाकघरातून ऐकायची आणि देवाला हात जोडायची.

'ये' आणि 'न'. दुकानातून परत येताना रिक्षात तिच्या मनात तेवढीच दोन अक्षरं फिरत होती. 'ये ना' म्हणता येतं. 'येऊ नको' म्हणतानाही गळा तसाच हलत असेल. दिवाळीच्या दिवशी बापानं मुलाला काय म्हणावं, याचा अंदाज फोननं लाखो घरांवरून बांधला होता. पण त्या लाखो घरांत जगन तायडे नव्हता.

संध्याकाळी ओजस कामावरून आला तो थेट फोनच्या विषयावरच आला.

"'आपुलकी'च घेऊ या, आई. माझ्या ऑफिसात एकाच्या आजोबांकडे आहे. इतकं सुंदर बोलतात ते!"

"ते बोलतात की फोन बोलतो?"

"काय फरक पडतो? तीन दिवस झाले पप्पा भिंतीकडे बघत बसलेत. तू म्हणतेस तो 'मूळ' म्हणजे त्यांना पुन्हा मुकं करणं आहे."

"मला जे त्यांचं आहे तेवढंच ऐकायचंय."

"आणि मला माझ्या वडिलांशी बोलायचंय!" त्याचा आवाज चढला. मग तोच खजील झाला. "सॉरी. पण आई, त्या फोननं मला घर परत मिळवून दिलंय. तुला नाही कळायचं."

छायाला कळत होतं. म्हणूनच तिनं मान खाली घालून भाकरी थापायला घेतली.

प्राजक्तानं 'मूळ' दोन दिवस वापरून बघायला दिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ओजस आणि सून कामावर गेल्यावर छायानं पट्टी हेमराजरावांच्या गळ्याला लावली, फोन मधे ठेवला आणि ती समोर बसली.

"एक विचारते. रागावू नका. त्या दिवाळीला ओजसला तुम्ही काय म्हणाला होतात?"

हेमराजरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं हा प्रश्न आज ना उद्या येणार हे त्यांना ठाऊक होतं. शब्द शोधायला त्यांना फार वेळ लागला. कपाळावर घाम आला. मधे एकदा 'टोपली' असं काहीतरी आलं, ते त्यांनी हातानं पुसून टाकलं.

"येऊ," फोन म्हणाला. आणि मग, "नको."

छायानं डोळे मिटले. "मग फोननं भलतंच सांगितलं, तर तुम्ही काहीच कसं केलं नाहीत? हात हलवायचा. फोन फेकून द्यायचा!"

"रडला," फोन म्हणाला. "तो."

"म्हणून राहू दिलंत?"

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच खाली गेली होती, कोण जाणे.

"आणि दोन वर्षं रोज गॅलरीत ज्या गप्पा मारल्यात, त्या?"

हेमराजरावांनी डावा हात उचलला, अंगठा आणि बोट जवळ आणून चिमूटभर दाखवलं. थोडं माझं. मग हात पसरून उरलेलं सगळं दाखवलं आणि बंद पडलेल्या जुन्या फोनकडे बोट केलं.

त्या दुपारी छायानं ठरवलं, की 'आपुलकी'च घ्यायचा. कालपर्यंत ज्याच्या विरुद्ध ती भांडत होती तोच. हे घर ज्या वाक्यावर उभं होतं ते वाक्य कोणाचं होतं हे ओजसला कळता कामा नये, आणि ते कळू द्यायचं नसेल तर गोड बोलणारा फोनच हवा. खरं ऐकायची हौस तिची फिटली होती.

शनिवारी तिघं दुकानात गेली. ओजस खुशीत होता. करार छायानं वाचलाही नाही. फक्त एक गोष्ट राहिली होती, प्राजक्तानं सांगितलं. "कुठली योजना घ्यायची ते वापरणाऱ्यानं स्वतः सांगावं लागतं. त्यात फोननं घातलेली भर चालत नाही, तसा नियमच आहे. काकांना एकच शब्द बोलायचाय." तिनं 'मूळ' पुढे ठेवला आणि संमती नोंदवायचं यंत्र सुरू केलं.

"काका, 'आपुलकी' योजना तुम्हाला मान्य आहे?"

"नाही," फोन म्हणाला.

यंत्रानं बारीक शिट्टी दिली. संमती मिळाली नाही, कृपया पुन्हा सांगा.

"चुकून आलं असेल," ओजस म्हणाला. "पप्पा, सावकाश."

"नाही." आणि हेमराजरावांनी 'मूळ'वर बोट ठेवलं.

ओजस त्यांच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला. "पप्पा, ह्यात एक वाक्य बोलायला तुम्हाला तास लागेल. आपण किती छान बोलायचो आठवा ना!"

"ते," फोन म्हणाला. मग हेमराजरावांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी. नाही."

"चला, घरी जाऊन बघू काय ते," छाया घाईनं म्हणाली. हेमराजरावांनी हात वर करून तिला थांबवलं.

"दिवाळी. तू. मी... नको. फोन. ये."

ओजसनं आईकडे पाहिलं. "काय म्हणताहेत?"

गेली कित्येक वर्षं, फोन असताना आणि नसतानाही, हेमराजरावांची अर्धी वाक्यं छायानंच पुरी केली होती. दुकानदारांपुढे, डॉक्टरांपुढे, नातेवाइकांपुढे. याही वाक्याचं तिला काहीही करता आलं असतं. त्यांना दिवाळीची आठवण येतेय, म्हणता आलं असतं; ओजसनं ते आनंदानं मानलं असतं. पण हेमराजराव तिच्याकडे बघत होते. दुकानात त्या दिवशी दुसऱ्या फोनकडे बघितलं होतं, त्याच नजरेनं बघतील की काय असं तिला वाटलं.

"ते म्हणताहेत," छाया म्हणाली, "की त्या दिवाळीला त्यांनी तुला येऊ नको म्हटलं होतं. ये म्हणाला तो फोन."

ओजस हळूहळू उभा राहिला. प्राजक्ता उगाचच टेबलावरचे खोके नीट लावू लागली.

"म्हणजे दोन वर्षं," तो म्हणाला, "मी तुमच्या घरात..." वाक्य त्याच्याच्यानं पुरं होईना. मग तो एकदम म्हणाला, "जगनबद्दल मी खरं बोललो होतो, पप्पा. आजही तेच बोलेन."

हेमराजरावांनी मान हलवली. हो, अशी. ती अगदी स्पष्ट होती.

"मग आता सांगा. फोन नाही, तुम्ही सांगा. राहू की जाऊ?"

पट्टीवरचा बारीक दिवा लागला. घाटी वर गेली, खाली आली. हेमराजरावांचं तोंड उघडलं, मिटलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. शब्द येत नव्हता. छायाच्या जिभेवर तो तयार होता, 'राहा'. एवढा साधा शब्द. तिनं नुसता पुटपुटला असता तरी त्यांना वाट सापडली असती. तिनं दातांखाली ओठ दाबून धरला.

"जा," फोन म्हणाला.

हेमराजरावांचे डोळे विस्फारले. त्यांनी मान जोरजोरात हलवली, पुन्हा जोर लावला.

"जा. जा."

आणि तेवढ्यात त्यांच्या डाव्या हातानं ओजसचं मनगट पकडलं होतं. काठी खाली पडली होती, ती कोणी उचलली नाही.

"सोडा, पप्पा," ओजस म्हणाला.

"जा," फोन म्हणाला, आणि बोटं अधिकच घट्ट झाली.

भलताच शब्द आला होता, की शब्द खरा होता आणि हातच ऐकत नव्हता, हे छायाला सांगता आलं नसतं. कदाचित हेमराजरावांनाही आलं नसतं. ओजस तसाच उभा होता, दाराकडे तोंड करून. त्यानं एकदा हात ओढून पाहिला, फार जोरानं नाही. मग त्यानं पायानं जवळचं एक स्टूल ओढलं आणि तो बसला. बापाकडे त्यानं पाहिलं नाही. मनगट मात्र जिथं होतं तिथंच राहू दिलं.

यंत्रानं पुन्हा शिट्टी दिली. प्राजक्तानं ते पटकन बंद केलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काकू, मग कुठला करू?"

"'मूळ'," छाया म्हणाली. "पण घाई नको करू. आम्हाला इथं थोडा वेळ लागेल."